जुन्या मातीचे खाते

मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीचे वॉटरप्रूफिंग निघाले. गच्ची गळू लागल्याला बरीच वर्षे झाली होती आणि तेवढीच वर्षे त्यावर सभाही होत होत्या, त्यामुळे काम एकदाचे निघाले याचाच सर्वांना आनंद. जिन्याखालच्या फळ्यावर सूचना लागली : ज्यांच्या कुंड्या गच्चीवर असतील त्यांनी त्या आठ दिवसांत उतरवून घ्याव्यात, अन्यथा त्यांची विल्हेवाट सोसायटी लावील.

कुंड्या उतरल्या. बऱ्या दिसणाऱ्या होत्या त्या बाल्कन्यांत गेल्या, फुटक्या होत्या त्या भंगारात. झाडांपैकी काही जगली, काही उन्हाने गेली. माती मात्र कुणालाच नको होती. कंत्राटदाराच्या माणसांनी ती गोण्यांत भरली आणि फाटकाजवळ, फुटक्या टाइल्स आणि विटांच्या तुकड्यांच्या शेजारी रचून ठेवली. राडारोड्याची गाडी आली की तीही जाणार होती. मी त्या गोण्या मोजल्या. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला काहीही मोजल्याशिवाय राहवत नाही. एकेचाळीस भरल्या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गच्चीचे काम संपले आणि त्याच फाटकातून नर्सरीचा टेम्पो आत आला. टेम्पोत लाल मातीच्या पिशव्या, कोकोपीटच्या विटा आणि शेणखताची पोती. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी सहा पिशव्या घेतल्या, आमच्या समोरच्यांनी दहा. अडीचशे रुपयांना एक पिशवी. ‘‘जुनी माती मेली होती हो,’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘काही येतच नव्हतं तिच्यात.’’

मला त्या ‘मेली’ शब्दापाशी अडखळायला झाले. बँकेत एखादे खाते बुडीत म्हणून जाहीर करण्याआधी शंभर प्रश्न विचारावे लागतात. ऋणको खरोखरच बुडाला आहे का? त्याचा धंदा तात्पुरता बसला आहे की कायमचा? थोडे खेळते भांडवल दिले तर उभा राहील का? १९९२ नंतर अनुत्पादक कर्जांचे नवे निकष आले, तेव्हा या प्रश्नांचे नमुने आणि तक्ते आम्ही रात्री दहा-दहा वाजेपर्यंत भरत बसत असू. इथे मात्र एकेचाळीस गोण्या एका वाक्यात निर्लेखित झाल्या होत्या, आणि कुणी साधी चौकशीही केली नव्हती.

ती चौकशी मी केली. एक गोणी सोडली, माती जमिनीवर ओतली आणि पाहिले. कुंडीतल्या मातीचे दोन-तीन वर्षांत काय होते, हे ज्याने कुंडी उलटी करून पाहिली आहे त्याला ठाऊक असते. आपण भरतो तेव्हा तिच्यात शेणखत असते, पालापाचोळा असतो. तो कुजत जातो, झाड तो खाते, आणि काठोकाठ भरलेली माती चार बोटे खाली बसते. मग राहतात ते मातीचे बारीक कण. रोजच्या पाण्याबरोबर ते खाली खाली सरकतात आणि तळाच्या भोकाशी घट्ट थर करून बसतात. वरून पाणी घातले की ते कडेकडेने निसटते किंवा वरच तुंबते. मुळे हवेच्या शोधात कुंडीच्या भिंतीला लागून गोल गोल फिरतात. कुंडी उलटी केली की त्यांची आयती टोपलीच हातात येते. पाणी बोअरचे असेल तर काठावर पांढरी पुटे चढतात, तो क्षारांचा हिशेब. म्हणजे ही माती उपाशी आहे, तिला धड श्वास घेता येत नाही आणि तिच्या अंगावर मीठ साठले आहे. पण वाळू, चिकणमाती, खनिजे हा तिचा सगळा सांगाडा जागच्या जागी आहे. जे गेले आहे ते खेळते भांडवल. मुद्दल शाबूत आहे.

आमच्या लहानपणी ‘माती विकत आणणे’ हा वाक्प्रयोगच नव्हता. अंगणात तुळशीचे वृंदावन होते. दिवाळी संपली, तुळशीचे लग्न जवळ आले की आई वृंदावनातली माती एका घमेल्यात काढी. खुरप्याने ढेकळे फोडी, मुळ्या वेचून बाजूला टाकी, ती माती दोन दिवस उन्हात पसरी आणि मग वाळलेले शेण कुस्करून तिच्यात मिसळी. थोडी चुलीतली राख, तीही चिमूटभरच. मग तीच माती पुन्हा वृंदावनात. वर गेरू आणि चुन्याची नक्षी. त्या वृंदावनातली माती माझ्या आजीनेही अशीच काढून घातली असणार. मंजिऱ्या गळत, नवी तुळस रुजे, माती तीच राही. यात पर्यावरण वगैरे काही आईच्या डोक्यात नव्हते. माती टाकायची असते, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते, एवढेच.

आता नवरात्रात घट बसवायला लागणारी माती, जिला आमच्याकडे वावरी म्हणतात, तीसुद्धा शहरात छोट्या पुड्यांतून विकत मिळते. पूर्वी कुणीतरी शेतातून आणून द्यायचे. पुडी घेणाऱ्यांना मी हसत नाही. ज्याच्या घराला अंगण नाही आणि गावाला शेत नाही, त्याने काय करावे? पण त्याच घराच्या गॅलरीत सहा कुंड्या असतात, आणि त्यांतल्या मातीला घट घालण्याइतकीही पत आपण ठेवलेली नाही, हे मला खटकते.

विकत घेतलेली ही माती येते कुठून, हा प्रश्न टेम्पोवाल्याला विचारून पाहा. ‘गावाकडून’ एवढेच उत्तर येते. गावाकडून म्हणजे कुणाच्या तरी बांधाच्या आतून किंवा कुठल्या तरी टेकडीच्या पोटातून. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणात जी जांभ्याची तांबडी माती आहे, ती खडक झिजून, पावसाने धुऊन, गवतामुळांनी धरून ठेवून तयार झाली आहे. एक सेंटिमीटर जाडीचा थर जमायला शेकडो वर्षे लागतात. पोकलेनला तो खरवडायला किती वेळ लागतो, हे मी सांगायला नको.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती मी माझ्या कुठल्याही कादंबरीत घातलेली नाही. दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा प्रकरण फाडून टाकले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कृष्णाकाठच्या एका शाखेत शेतीकर्जे पाहत होतो. मार्च महिना, वसुलीची घाई. सकाळी आठला जीपमधून निघायचे, थकबाकीदारांची यादी मांडीवर. त्या यादीत एक शेतकरी होता. नदीलगतची दीड एकर मळीची जमीन, म्हणजे पुराने आणून टाकलेल्या गाळाची, सोन्यासारखी. दोन वर्षांचे पीककर्ज थकले होते. त्याच्या घरी मी चार वेळा गेलो. आवाज चढवला नाही, पण चार वेळा गेलो. पाचव्या खेपेला तोच शाखेत आला. टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि धोतराच्या सोग्यातून नोटा काढल्या.

‘‘सायेब, खातं बंद करायचं हाय.’’

मी पावती लिहिता लिहिता सहज विचारले, पैशांची सोय कशी झाली. 

‘‘माती दिली भट्टीवाल्याला. वरची दोन फूट.’’ आणि माझा चेहरा पाहून मलाच धीर दिल्यासारखे म्हणाला, ‘‘वरचीच दिलीया. खालची हाय की.’’

वीटभट्ट्यांना मळीची माती लागते, हे मला माहीत होते. नदीकाठाने रांगेने भट्ट्या होत्या. त्या दिवशी मी खाते बंद केले, त्याची कागदपत्रे परत दिली आणि तिमाहीच्या अहवालात ‘वसुली समाधानकारक’ असे लिहिले. वरिष्ठांचे अभिनंदनाचे पत्र आले. ते माझ्या फायलीत कित्येक वर्षे होते.

दोन पावसाळ्यांनंतर दुसऱ्या कामासाठी त्या शिवारात जाणे झाले. त्याचे रान शेजाऱ्यांच्या रानापेक्षा दोन फुटांनी खाली गेलेले, चौकोनी खड्ड्यासारखे. चहूबाजूंचे पाणी त्यात उतरत होते. ज्वारी गुडघ्याएवढी आणि पिवळी. तो बांधावर बसला होता. मला त्याने ओळखले, चहा पाजला. ‘‘पीक अंग धरंना झालंय,’’ एवढेच म्हणाला. माझ्याबद्दल त्याच्या मनात काही राग दिसला नाही, आणि तेच मला जड गेले.

‘खालची हाय की.’ जमिनीचा जीव तिच्या वरच्या वीतभर थरात असतो. तिथेच कुजलेला पालापाचोळा, तिथेच जिवाणू आणि बुरशी, तिथेच बहुतेक मुळे आणि किडामुंगी. खालची असते, पण तिला वरची व्हायला आपले आयुष्य पुरत नाही. हे मला शेतीकर्जाच्या प्रशिक्षणात शिकवले होते, परीक्षेत मी त्याचे उत्तरही लिहिले होते. काउंटरवर मात्र ते आठवले नाही. म्हणून आज आमच्या फाटकातून लाल मातीचा टेम्पो आत येतो आणि चाळीस गोण्या माती बाहेर जाते, तेव्हा माझा तोल जातो. हे वय झाल्याचे लक्षण असेल असे आमची सौ. म्हणते. असेलही.

आता गांडुळांकडे येऊ.

मराठीत एखाद्याला गांडूळ म्हणणे ही शिवी आहे, कणा नसलेल्याला ती देतात. कुठे याला काडू म्हणतात, कुठे दानवे. शाळेच्या पुस्तकात ‘शेतकऱ्याचा मित्र’ म्हणून एका ओळीत त्याची बोळवण होते. या प्राण्याची खरी कदर केली ती चार्ल्स डार्विनने. १८३७ साली, उत्क्रांतीचा ग्रंथ लिहिण्याच्या बावीस वर्षे आधी, त्याने गांडुळांवर पहिला निबंध वाचला. त्याच्या मामाने त्याला एक शेत दाखवले होते. तिथे काही वर्षांपूर्वी पसरलेला चुना आणि राखेचे खडे आता जमिनीखाली काही इंचांवर सापडत होते. कुणी पुरले नव्हते. गांडुळांनी खालची माती वर आणून टाकली, म्हणून ते खाली गेले. (पुढे याच मामाची मुलगी डार्विनने केली. आपल्याकडच्यासारखेच.) या विषयावरचे त्याचे पुस्तक निघाले ते १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी. म्हणजे चव्वेचाळीस वर्षे हा माणूस मध्येमध्ये गांडुळांकडे परत येत राहिला. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत दर एकरी दर वर्षी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्याचा अंदाज होता.

आणि त्याने हे प्रयोग कशात केले? कुंड्यांत! मातीच्या कुंड्यांत गांडुळे घालून त्या घरात ठेवल्या होत्या. त्यांना ऐकू येते का हे पाहण्यासाठी त्यांच्याजवळ शिट्टी वाजवली, बासून नावाचे भले मोठे वाद्य वाजवले, पियानो वाजवला. गांडुळे ढिम्म. पण कुंड्या उचलून पियानोवरच ठेवल्या आणि एक स्वर छेडला, तेव्हा ती तत्काळ बिळात शिरली. त्यांना कान नाहीत, पण कंप कळतो. सत्तरीतला माणूस घरच्यांना गोळा करून गांडुळांसमोर मैफल करतो आहे, हे चित्र मला फार आवडते. आमच्या सोसायटीत मला जे काही म्हणतात, ते त्याच्या मानाने सौम्यच आहे.

माझा स्वतःचा पहिला प्रयोग मात्र साफ फसला. नव्वदच्या दशकात गांडूळखताची लाट आली होती. शाखेत कर्जासाठी प्रकरणे येत, भाषणे होत, आणि किलोच्या भावाने गांडुळे विकत मिळत. मीही अर्धा किलो आणली आणि बाल्कनीतल्या सहा कुंड्यांत, आमटी वाढावी तशी, थोडी थोडी वाढली. महिना एप्रिल. दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मी फरशीवर वाळलेली सापडली. उरलेली चार दिवसांत गेली. ‘‘तुमच्या कर्जदारांसारखी पळून गेली,’’ अशी घरातून प्रतिक्रिया आली. मी विकणाऱ्याला दोष दिला.

दोष माझा होता. बाजारात जी खताची गांडुळे मिळतात, त्यांत आयसेनिया फेटिडा आणि आफ्रिकेतून आलेली युड्रिलस या जाती मुख्य. त्या जमिनीत खोल राहणाऱ्या नाहीतच. त्यांचे घर म्हणजे कुजत असलेल्या पाल्याचा ओला थर. ही गांडुळे कुजका पाला खातात, त्यावरचे जिवाणू खातात; कोरड्या, उपाशी मातीत त्यांना खायला काहीच नसते. शिवाय गांडूळ श्वास घेते ते ओल्या त्वचेतून. त्वचा सुकली की संपले. आठ इंची प्लास्टिकची कुंडी एप्रिलच्या उन्हात तव्यासारखी तापते, आणि पस्तीस अंशांच्या पुढे यांचा टिकाव लागत नाही. उपाशी मातीत गांडुळे सोडणे म्हणजे ओसाड गावात पोस्टमनची नेमणूक करण्यासारखे आहे. आधी गाव वसायला हवे.

(जाता जाता, गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळे होतात, हा लोकप्रिय समज खोटा आहे. फार तर डोक्याकडचा तुकडा जगतो, शेपटीकडचा मरतो. खुरपे जपून चालवावे.)

गाव वसवायचे म्हणजे काय, ते मी पुढे चुकतमाकत शिकलो. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, ‘प्रयोग परिवार’वाले, यांचे ‘विपुलाच सृष्टी’ त्या काळात हाती आले. घरचा पालापाचोळा आणि भाजीपाल्याचा कचरा यातून माती घडवता येते, ती आणावी लागत नाही, ही दृष्टी मला त्यांच्याकडून मिळाली. बाकीचे गांडुळांनी शिकवले.

त्या एकेचाळीस गोण्यांपैकी नऊ मी सोडून दिल्या. त्यांत सिमेंट आणि रंगाचे पोपडे मिसळले होते, आणि अशी माती भाजीसाठी वापरू नये. उरलेल्या बत्तीस वॉचमनच्या मदतीने पंपहाउसच्या मागे, सावलीत नेल्या. माती पसरली, ढेकळे फोडली, मोठ्या छिद्रांच्या चाळणीतून काढली. हुमणीच्या पांढऱ्या अळ्या वेचल्या. त्या कावळ्यांनी नेल्या. टोमॅटोच्या मुळांवर बारीक बारीक गाठी दिसल्या, त्या दोन गोण्या वेगळ्या काढल्या. तो सूत्रकृमींचा उपद्रव असतो. अशी माती उन्हाळ्यात ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार-सहा आठवडे तापवावी लागते. ती पुढच्या एप्रिलसाठी ठेवली आहे. उरलेली माती पहिल्या दोन मोठ्या पावसांत मुद्दाम उघडी ठेवली. पावसाचे पाणी साठलेले क्षार धुऊन नेते.

मग विटांचा एक हौद रचला, गुडघ्याएवढा, तळाला पाणी निघून जायला जागा ठेवून. तळाशी वाळकी पाने आणि नारळाच्या शेंड्या, त्यावर जुन्या मातीचा चार बोटे थर, त्यावर घराघरांतून जमवलेले भाजीचे देठ, केळीच्या साली, धुतलेला चहाचा चोथा, निर्माल्यातली फुले (दोरा आणि प्लास्टिक काढून), वर मूठभर शेण, की पुन्हा माती. असे थर. तेलकट, खारट, मांसमच्छी काही नाही; लिंबा-संत्र्याच्या साली नाममात्र. ढीग आधी तापतो, हात घातला तर चांगलाच ऊन लागतो. त्या वेळी गांडुळे घालायची नाहीत. पंधरा दिवसांनी तो निवतो, मग घालायची आणि वर ओले गोणपाट पांघरायचे. ओल किती? मूठभर माती दाबली की बोटांतून एखादा थेंब यावा. धार लागली तर गांडुळे गुदमरतात. झाले. पुढचे अडीच-तीन महिने तुम्ही फक्त पाणी शिंपडायचे आणि मुंग्यांवर लक्ष ठेवायचे.

तयार होते ते काळसर, दाणेदार, चहाच्या पुडीसारखे आणि पहिल्या पावसाच्या वासाचे. हे नुसते कुंडीत भरू नये. दोन-तीन भाग जुनी माती आणि एक भाग हे, एवढे पुरते. काढून घेण्याआधी हौदाच्या एका कडेला ताजे खाणे टाकले की आठवड्यात बहुतेक गांडुळे तिकडे जमतात. सामान उचलून नव्या घरी जावे तशी. मोठ्या ड्रममध्ये, वर पाल्याचे आच्छादन कायम ठेवणार असाल, तर चार-दोन तिथेही राहतात. लहान कुंडीत त्यांना कोंडू नये. तिथे त्यांनी केलेले खत द्यावे, त्यांना स्वतःला देऊ नये.

आक्षेप पुष्कळ आले. वास येतो म्हणाले. हवा खेळती असेल आणि ओल बेताची असेल तर येत नाही. पहिल्या महिन्यात मला पाणी जास्त झाले होते, तेव्हा आला, तो मी मान्य केला आणि वाळकी पाने घालून घालवला. उंदीर येतील म्हणाले. उंदीर आधीपासूनच होते, पार्किंगमध्ये. त्यांना पाव-बिस्किटे अधिक आवडतात. सर्वांत वजनदार आक्षेप आमच्या खजिनदारांचा होता. ‘‘साहेब, अडीचशे रुपयांच्या मातीसाठी तुम्ही तीन महिने राबता. तुमच्या वेळेची किंमत लावा की.’’ हा माणूस हिशेबी आहे आणि त्याचा मुद्दा चुकीचा नाही. नोकरी करणाऱ्या जोडप्याने रविवारी सकाळी ढेकळे फोडत बसावे, असे मीही म्हणणार नाही. पण अडीचशे रुपये ही मातीची किंमत नव्हेच. ती पोकलेनच्या डिझेलची, टेम्पोच्या भाड्याची आणि प्लास्टिकच्या पिशवीची किंमत. माती त्या हिशेबात फुकट धरली आहे. भट्टीवाल्यानेही तेच केले होते आणि मीही पावती लिहिताना तेच केले.

म्हणून हे काम एकट्यादुकट्याच्या हौसेवर सोडू नये, असे माझे मत आहे. २०१६ साली घनकचऱ्याचे जे नियम आले, त्यांनी मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आपल्याच आवारात जिरवायला सांगितले. कित्येक सोसायट्यांनी खताची यंत्रे घेतली. कुठे ती चालू आहेत, कुठे त्यांवर सायकली टेकवलेल्या आहेत. ज्या चालू आहेत तिथे खत तयार होते आणि घ्यायला कुणी नसते, कारण त्याच इमारतीतले लोक खत आणि माती बाहेरून आणतात. एका बाजूला पडून राहिलेले खत, दुसऱ्या बाजूला टाकून दिलेली माती, आणि मध्ये दहा पावलांचे अंतर! ही दोन खाती एकमेकांत वर्ग करायला वेगळे अनुदान लागत नाही. गाड्या उभ्या करायला आपण पट्टे आखतो, तशी सहा फुटांची जागा जुन्या मातीसाठी आखावी. नर्सरीवाल्यांनीही रिकामी बाटली परत घ्यावी तशी जुनी माती परत घ्यावी आणि दुरुस्त करून विकावी. त्यात त्यांचाही फायदा आहे. आणि महापालिकेच्या माणसाने राडारोडा उचलताना त्यातली माती वेगळी मागावी. मागितल्याशिवाय आपण देत नाही, हा माझा वसुलीतला अनुभव.

आमच्या हौदाचे पहिले खत नवरात्राच्या आधी निघाले. घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच वहिनी दारात उभ्या. हातात परडी.

‘‘काका, घटाला थोडी वावरी मिळेल का? बाजारातली अगदीच मुरमाड निघाली.’’

मी चार ओंजळी माती दिली. नीट चाळून दिली, तरी सवयीने सांगितले, पाणी बेताने घाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बेल वाजली. वहिनींच्या हातात आता वाटी होती. वाटीत ओल्या मातीचा गोळा आणि त्यावर एक लालसर गांडूळ, अर्धे आत, अर्धे बाहेर. ‘‘तुमचं एक आमच्याकडे आलं होतं,’’ त्या म्हणाल्या. वाटी त्यांनी हात लांब करूनच धरली होती, पण पुढे केली होती. मी चपला घातल्या. त्याही जिना उतरून माझ्या मागे पंपहाउसपर्यंत आल्या, आणि मी गोणपाट उचलले तेव्हा वाकून आत बघत राहिल्या.